पाच ग्रंथालये, एक प्रणाली : बसवण्याआधी काय ठरवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच महाविद्यालयांची ग्रंथालये मिळून एकच मुक्तस्रोत ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली वापरण्याचा विचार करीत आहेत. त्यांपैकी दोन ग्रंथालये कोहा ही मुक्तस्रोत प्रणाली आधीच वापरतात, पण स्वतंत्रपणे. दुसऱ्या दोघांचा एका व्यावसायिक प्रणालीशी असलेला करार संपत आला आहे. आणि पाचव्याकडे दाखल नोंदवही आणि एक्सेलची एक फाइल याखेरीज काही नाही. कोणती प्रणाली घ्यावी, तालिका (ग्रंथांच्या नोंदींची सूची) एक ठेवावी की वेगवेगळ्या, खर्च कसा वाटून घ्यावा आणि कोणाच्या नोंदी आधी चढवाव्यात, हे आपण विचारले आहे.

यातला पहिला प्रश्न माझ्या मते पहिला नाही. अशा दोन एकत्रीकरणांत मी प्रत्यक्ष काम केले. एक आजही नीट चालू आहे, दुसरे तिसऱ्या वर्षी मोडले, आणि दोन्हीकडे प्रणाली एकच होती. पहिल्या गटाने सर्व्हर घेण्याच्या आधीचे चार-पाच महिने कोणी आपली कोणती पद्धत सोडायची एवढ्या एकाच विषयावर घालवले होते. दुसऱ्या गटाने ‘आधी चालू तर करू, मग बघू’ असे म्हणून तो विषय पुढे ढकलला, आणि मग प्रत्येक तंटा काउंटरवर, विद्यार्थ्यासमोर निघाला.

‘सामायिक प्रणाली’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या रचना येतात आणि बैठकीत बसलेला प्रत्येक जण मनात वेगळी रचना धरून बोलत असतो, हे आधी लक्षात घ्यावे. पहिल्या रचनेत सर्वांचा डेटाबेस एकच असतो आणि प्रत्येक ग्रंथालय त्यात एक शाखा म्हणून नांदते. दुसरीत सर्व्हर, बॅकअप आणि तंत्रज्ञ सामायिक असतात, पण प्रत्येकाचा डेटाबेस स्वतंत्र राहतो. तिसरीत सगळेच स्वतंत्र असते आणि वर फक्त एक संयुक्त तालिका असते. ती एकतर सर्वांच्या नोंदी ठरावीक काळाने गोळा करते किंवा झेड३९.५० या जुन्या पण भरवशाच्या शिष्टाचाराने (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, म्हणजे प्रोटोकॉलने) सर्वांकडे एकाच वेळी शोध घेते. एका ग्रंथालयाचा विद्यार्थी दुसऱ्याचे पुस्तक नेहमी नेणार असेल, तर पहिली रचना घ्यावी. तसा कोणताच इरादा नसेल आणि केवळ खर्च वाचवायचा असेल, तर दुसरी रचना पुरते आणि तिच्यात भांडणे फार कमी होतात. दुसऱ्या रचनेकडे अर्धवट सहकार्य म्हणून पाहण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही. ज्यांना पुस्तकांची देवाणघेवाण करायचीच नाही, त्यांनी एका तालिकेचा हट्ट धरला तर पदरात फक्त नोंदींच्या शुद्धीकरणाचे काम पडते.

आपल्या पत्रावरून आपला ओढा पहिल्या रचनेकडे दिसतो, म्हणून पुढचे सगळे तिच्याबद्दल लिहितो.

कोहामध्ये ‘सर्ककंट्रोल’ नावाचे एक सिस्टिम प्रेफरन्स, म्हणजे संपूर्ण प्रणालीला लागू होणारी एक सेटिंग, आहे. देवघेवीच्या वेळी कोणत्या ग्रंथालयाचा नियम लावायचा, हे ते ठरवते, आणि त्याला तीनच पर्याय आहेत: कर्मचाऱ्याने जिथे लॉग-इन केले आहे त्या ग्रंथालयाचा, वाचक जिथला सभासद आहे तिथला, किंवा प्रत ज्याच्या मालकीची आहे त्याचा. दिसायला ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात तुमच्या सगळ्या सहकार्याचा करार तिच्यात आहे. समजा, पहिले ग्रंथालय पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीस दिवस पुस्तक देते, दुसरे पंधरा दिवस देते आणि तिसरे सात. पहिल्याचा विद्यार्थी दुसऱ्याच्या काउंटरवर येऊन तिसऱ्याची प्रत मागतो. मुदत किती? उशीर झाला तर दंड कोणाच्या दराने, आणि पुस्तक हरवले तर भरपाई कोणाच्या खात्यात? वर सांगितलेल्या तीन पर्यायांतून तीन वेगळी उत्तरे येतात, आणि संपूर्ण गटासाठी त्यांतले एकच निवडावे लागते.

माझा कौल प्रतीच्या मालकाच्या नियमाला आहे, कारण पुस्तक गेले तर झळ त्यालाच बसते. याला एक जड बाजू आहे, ती लपवत नाही: विद्यार्थ्याच्या हातात चार पुस्तके असली तर चार वेगळ्या तारखा पडतात आणि तो त्याबद्दल तक्रार करणारच. त्यावर उपाय म्हणजे नियमच एकमेकांच्या जवळ आणणे. कोहा नियम शोधताना विशिष्टाकडून सामान्याकडे जातो. तेच ग्रंथालय, तोच सभासद-प्रकार आणि तोच साहित्य-प्रकार असा नेमका नियम सापडला तर तो लागू करतो, न सापडल्यास एकेक अट सैल करत शेवटी ‘सर्व ग्रंथालये, सर्व सभासद, सर्व साहित्य’ या ओळीपाशी येतो. म्हणून काम उलट्या टोकाने करावे. आधी ती सर्वसामान्य ओळ पाचही जणांच्या संमतीने लिहावी, आणि मग ज्याला अपवाद हवा असेल त्याने तो लेखी कारण देऊन मागावा. कारण लिहावे लागले की निम्मे अपवाद आपोआप गळतात. मी काम केलेल्या पहिल्या गटात सर्वांचे मिळून पन्नासावर सभासद-प्रकार होते. त्यांत ‘प्राध्यापक’, ‘अध्यापक’, ‘शिक्षक’ आणि ‘शिक्षकवर्ग’ असे चार निराळे प्रकार होते. शेवटी दहाच्या आत प्रकार उरले आणि कोणाचेही काही अडले नाही.

दुसरा मोठा विषय ग्रंथनोंदींच्या विलीनीकरणाचा. येथे सर्वांत घातक भरवसा आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकावर, ठेवला जातो. एका एकत्रीकरणात आम्ही आयएसबीएन जुळला की नोंदी एक करायच्या, असा सोपा नियम लावला. दोन खंडांच्या एका संदर्भग्रंथाच्या दोन्ही खंडांवर संचाचा एकच आयएसबीएन छापलेला होता. एका ग्रंथालयाने त्याची एक नोंद करून तिच्याखाली दोन प्रती दाखवल्या होत्या, दुसऱ्याने प्रत्येक खंडाची स्वतंत्र नोंद केली होती. यंत्राने सगळे एका नावाखाली कोंबले. त्यानंतर कोणी दुसरा खंड आरक्षित केला की प्रणाली त्या नोंदीखालची हाताशी असलेली कोणतीही प्रत पाठवी, आणि ती बहुधा पहिल्या खंडाची असे. एकाच विद्यार्थिनीला तीन वेळा पहिला खंड मिळाल्यावर काउंटरवरच्या बाईंनी पुस्तकांच्या पाठीवर पेन्सिलने मोठे आकडे काढले आणि पाठवणाऱ्या ग्रंथालयाला फोन करून ‘पाठीवर दोन असलेले पाठवा’ असे सांगायला सुरुवात केली. लाखांवर नोंदी असलेली तालिका त्या पेन्सिलीच्या आकड्यावर काही महिने चालली.

त्यामुळे जुळणीचा नियम एका खुणेवर ठेवू नये. आयएसबीएन, शीर्षकाची सुरुवात, प्रकाशनवर्ष आणि मार्क २१ या ग्रंथनोंदीच्या संगणकीय नमुन्यातील २४५ या शीर्षकाच्या क्षेत्राच्या ‘एन’ उपक्षेत्रातला खंडक्रमांक, असे चारही जुळले तरच नोंदी आपोआप एक कराव्यात. त्याआधी दहा अंकी आयएसबीएन तेरा अंकी करून घ्यावेत, कारण तेरा अंकी पद्धत १ जानेवारी २००७ पासून आली आणि एकाच पुस्तकाची एका ठिकाणी जुनी तर दुसऱ्या ठिकाणी नवी संख्या सापडते. १९७० च्या आधीच्या ग्रंथांना तर आयएसबीएन नसतोच. अशा ग्रंथांच्या नोंदी यंत्राकडे सोपवू नयेत. तालिकेत काही काळ दुबार राहू द्याव्यात आणि सवडीने हाताने एक कराव्यात. दुबार नोंद वाचकाला थोडी गोंधळात पाडते, चुकीने एक झालेली नोंद मात्र पुन्हा वेगळी करताना प्रत्येक प्रत कपाटातून काढून पाहावी लागते.

कोणाची नोंद ठेवायची, यावरून मानापमान होतात. सर्वांत लांब नोंद सर्वांत चांगली, असा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण लांबी पुष्कळदा स्थानिक टिपांनी वाढलेली असते: देणगीदाराचे नाव, बांधणीचा शेरा, कपाटाचा क्रमांक. ही सगळी माहिती प्रतीच्या पातळीवर न्यावी. कोहामध्ये प्रतीची माहिती ९५२ या क्षेत्रात असते आणि मागणी-क्रमांकही (पुस्तकाची कपाटातली जागा दाखवणारा क्रमांक) तिथेच बसतो; म्हणजे एकाच ग्रंथाला एका ग्रंथालयाने दशांश वर्गीकरणाचा आणि दुसऱ्याने द्विबिंदू वर्गीकरणाचा वर्गांक दिला असला तरी दोन्ही सुखाने राहतात. वर्गांकावरून बैठकीचा वेळ घालवू नका. विषयशीर्षके आणि लेखकांच्या नावांची प्रमाणित रूपे मात्र ग्रंथनोंदीत असतात, ती सर्वांची एकच असावी लागतात, आणि त्यांच्यासाठी पाचही ठिकाणांच्या तालिकाकारांचा एक लहानसा गट नेमावा. ग्रंथपालांचा नव्हे, तालिकाकारांचा.

मराठी ग्रंथांसाठी एक बारीक पण त्रासदायक गोष्ट सांगतो. ‘तऱ्हा’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो: काही जण ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देतात, तर काही ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न आहेत, आणि एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीची नोंद सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणीकरण ‘र’ आणि नुक्ता यांचे ‘ऱ’ करून देते, परंतु अदृश्य जोडचिन्हाचे प्रकरण त्याने सुटत नाही. त्यासाठी नोंदी चढवण्यापूर्वी आपणच एक रूप निवडून सगळ्या फाइलींत ते बदलून घ्यावे. याच टप्प्यावर, मूळ लिपीत नोंद करणारे आणि रोमन लिप्यंतर करणारे यांनीही एकमत करावे. मार्क २१ मधील ८८० क्षेत्र दोन्ही लिप्या एकाच नोंदीत ठेवण्यासाठीच आहे.

बारकोडबद्दल थोडक्यात. प्रत्येकाचा दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात आल्यावर नोंदवहीत मिळणारा क्रमांक) एकपासून सुरू होतो आणि पुष्कळ ठिकाणी तोच बारकोड म्हणून वापरलेला असतो, तर कोहात एक बारकोड संपूर्ण डेटाबेसमध्ये एकदाच येऊ शकतो. ज्याचा साठा सर्वांत मोठा त्याची लेबले तशीच ठेवावीत, इतरांनी आपल्या क्रमांकांपुढे ग्रंथालयाचा संकेत जोडून नवी लेबले लावावीत, आणि हे काम साठा पडताळणीबरोबरच उरकावे, कारण तेव्हा प्रत्येक पुस्तक हातात येतेच. सभासदांच्या ओळखपत्रांच्या क्रमांकांनाही हेच लागू आहे.

आता प्रणालीची निवड. या प्रणालींवर त्यांच्या जन्माची खूण राहिली आहे, आणि ती पाहिली की निवड पुष्कळ सोपी होते. कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी १९९९ मध्ये लिहायला घेतली गेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आली. ती एका लहान संस्थेच्या काही शाखांसाठी जन्मली, म्हणून ती बसवायला आणि सांभाळायला हलकी आहे. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. एव्हरग्रीन अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या ‘पाइन्स’ या सार्वजनिक ग्रंथालयांच्या जाळ्यासाठी लिहिली गेली आणि सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाली. बाजारातील प्रणालींना इतक्या ग्रंथालयांचा एकत्र भार आणि त्यांचे नियम झेपत नव्हते, हे तिच्या जन्माचे कारण. त्यामुळे संघ, त्याखाली संस्था, त्याखाली शाखा अशी उतरंड आणि वरचा नियम खाली वारशाने येण्याची सोय तिच्यात मुळापासून आहे, पण तिचा पिंड सार्वजनिक ग्रंथालयाचा आहे. फोलिओ हा प्रकल्प २०१६ मध्ये जाहीर झाला, तो मुख्यतः शैक्षणिक ग्रंथालयांसाठी. इ-साधनांचे (इलेक्ट्रॉनिक नियतकालिके, पुस्तके इत्यादींचे) करार आणि परवाने हे त्याचे घरचे क्षेत्र. स्वीडनमधील चाल्मर्स तंत्रविद्यापीठाने २०१९ मध्ये ती प्रथम प्रत्यक्ष वापरात आणली. ती अनेक सुट्या मॉड्यूलांची बनलेली असल्याने लवचीक आहे, आणि त्याच कारणाने चालवायला जड आहे. स्वतःचा तंत्रज्ञांचा चमू नसलेल्या गटाने ती एखाद्या सेवादात्याकडूनच घ्यावी.

येथे एक दाखला द्यावासा वाटतो. अमेरिकेतील काही संशोधन विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मेलन फाउंडेशन या अनुदान देणाऱ्या संस्थेच्या साहाय्याने स्वतःची प्रणाली नव्याने घडवायला घेतली; तिचे नियोजन २००८ मध्ये सुरू झाले आणि पुढे ती ‘क्वाली ओएलई’ म्हणून ओळखली गेली. शिकागो आणि लीहाय या विद्यापीठांत ती २०१४ मध्ये सुरू झाली, पण तिचा प्रसार अगदी मोजक्या ठिकाणीच थांबला, आणि त्यामागची मंडळी फोलिओच्या उभारणीत सामील झाली. पैसा, माणसे आणि हुशारी यांपैकी कशाचीच तिथे वानवा नव्हती. म्हणून पाच महाविद्यालयांनी ‘आपल्यासारखी प्रणालीच नाही, आपण एक लिहू’ या वाटेला जाऊ नये.

आपल्या गटाला मी कोहाच सुचवीन. दोन ग्रंथालयांतले कर्मचारी ती आधीच जाणतात, आणि हे शिक्षक घरचेच असल्याने प्रशिक्षणाचा मोठा भार हलका होतो. नियतकालिके, खरेदी, देवघेव हे सर्व तिच्यात आहे. इ-साधनांचे व्यवस्थापनही २२.११ या आवृत्तीपासून आले आहे. मात्र त्या दोघांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी: नवी प्रणाली म्हणजे त्यांच्या जुन्या कोहात इतरांना घेणे नव्हे. त्यांचेही नियम नव्याने ठरतील आणि त्यांच्याही नोंदी गाळणीतून जातील. हे न सांगितल्यास बाकीचे तिघे पहिल्या दिवसापासून भाडेकरूसारखे वावरतात.

खर्चाकडे येतो. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण सर्व्हर, दुसऱ्या ठिकाणी ठेवलेला बॅकअप, स्थलांतर, प्रशिक्षण आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक पूर्णवेळ माणूस, याला पडतात. हा माणूस पाचांपैकी एकाचा कर्मचारी ‘जमेल तसे’ पाहील, अशी व्यवस्था करू नये. परीक्षेच्या काळात त्याचे ग्रंथालय त्याला सोडत नाही, आणि प्रणाली बंद पडायची ती नेमकी तेव्हाच. वर्गणी निम्मी समान आणि निम्मी विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात घ्यावी, असे माझे मत आहे. नोंदींच्या संख्येवर ती घेतली तर लोक पुस्तके घाईने निर्लेखित करून (नोंदीतून कमी करून) टाकतात आणि नवी चढवायला टाळतात. मत मात्र प्रत्येकाला एकच असावे. मोडलेल्या गटात वर्गणीच्या प्रमाणात मते होती, आणि सर्वांत मोठ्या ग्रंथालयाने तीन बैठकांत आपले सगळे नियम मंजूर करून घेतले. चौथ्या बैठकीला गणपूर्ती झाली नाही.

मुक्तस्रोत म्हटले की ‘हवे ते बदलून घेऊ’ असा उत्साह येतो. कोहाच्या दरवर्षी दोन मोठ्या आवृत्त्या येतात, मे आणि नोव्हेंबर महिन्यांत. आपण घरी केलेला प्रत्येक बदल त्या प्रत्येक वेळी पुन्हा बसवावा आणि तपासावा लागतो. दोन-तीन वर्षांत असे दहा बदल साठले की कोणी नवी आवृत्ती घ्यायला धजत नाही, आणि मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही चुकतात. त्यामुळे बदल करायचाच असेल तर तो मूळ प्रकल्पाकडे पाठवावा. तिथे लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तो चालवून पाहून संमती द्यावी लागते, त्यानंतर गुणवत्ता पथक तो पुन्हा तपासते, आणि मगच तो मूळ संचात जातो. याला वेळ लागतो, पण एकदा गेला की पुढची सगळी वर्षे तो इतरांच्या खर्चाने सांभाळला जातो. संमती देण्याच्या कामासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या चाचणी-स्थापनांवर ग्रंथपालही ते करू शकतात. आपल्या पाचांपैकी एखाद्याने महिन्याचे दोन तास यासाठी ठेवले, तर प्रकल्पातली माणसे ओळखीची होतात आणि आपल्या अडचणीकडे लक्ष लवकर जाते.

वाचकांच्या माहितीबद्दल एक ठराव आधीच हवा. एका ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्याच्या वाचकाचा पत्ता आणि त्याने नेलेल्या पुस्तकांचा इतिहास दिसावा का? देवघेवीपुरते नाव, थकबाकी आणि बंदी दिसणे पुरेसे आहे. ग्रंथालयांचे गट करून वाचकांची माहिती त्या-त्या गटापुरती मर्यादित ठेवण्याची सोय कोहात आहे, आणि परत आलेल्या पुस्तकांचा इतिहास ठरावीक मुदतीनंतर वाचकाच्या नावापासून तोडताही येतो.

बाहेर पडण्याचे कलम करारात पहिल्याच दिवशी लिहावे. जाणाऱ्याला त्याच्या प्रतींसह ग्रंथनोंदी मार्क स्वरूपात, आणि त्याचे सभासद, चालू देवघेव आणि थकबाकी साध्या तक्त्यांत, ठरलेल्या दिवसांत मिळाव्यात. सामायिक नोंदींवर इतरांनी केलेली सुधारणाही त्याने न्यावी, त्यावरून वाद घालू नये. हे कलम लिहिताना बैठकीत अवघडलेपण येते. टिकलेल्या गटात ते लिहिलेले आहे आणि अद्याप कोणी वापरलेले नाही.

कोणाच्या नोंदी आधी चढवाव्यात, या प्रश्नाचे उत्तर असे: सर्वांत मोठ्या ग्रंथालयाच्या नव्हे, सर्वांत स्वच्छ असतील त्यांच्या. जी तालिका आधी चढते ती पाया ठरते आणि नंतरच्या प्रत्येक तालिकेची जुळणी तिच्याशी होते. पाचही फाइलींतून यदृच्छेने प्रत्येकी दोनशे नोंदी काढा, तालिकाकारांच्या गटाला त्या ग्रंथालयाचे नाव झाकून द्या आणि चुका मोजायला सांगा. एक्सेलवाल्यांच्या नोंदी शेवटी येऊ द्याव्यात, कारण तोवर त्यांच्या पुष्कळशा ग्रंथांच्या चांगल्या नोंदी तालिकेत आलेल्या असतील आणि त्यांना फक्त आपल्या प्रती जोडाव्या लागतील. प्रत्यक्ष बदल सुट्टीत करावा, त्याआधी पंधरा दिवस नवी तालिकीकरणाची कामे थांबवावीत, आणि खरी फाइल चढवण्यापूर्वी निदान दोन वेळा संपूर्ण रंगीत तालीम घ्यावी. पहिल्या तालमीत काउंटरवरच्या माणसांना अवश्य बसवा. दोन खंडांचा तो घोळ आमच्यापैकी कोणाच्या नव्हे, पेन्सिल हातात घेतलेल्या त्या बाईंच्याच लक्षात आला होता.